मानसोपचार वॉर्डात फिजिशियन असिस्टंट कशाला असतो? नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मानसोपचार वॉर्डात फिजिशियन असिस्टंट म्हणून काम करते. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून पेशंट येतात, आणि माणूस चोपड्याचा असो, शिरपूरचा असो की शहाद्याचा, पहिल्या रात्री नातेवाईक तेच प्रश्न विचारतात. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात एकदा सांगितलेलं राहत नाही, त्यात चूक काही नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. घरी जाऊन शांतपणे वाचा, घरातल्या इतरांनाही वाचून दाखवा.

तुम्ही डॉक्टर आहात का सिस्टर?

दोन्ही नाही. वॉर्डात मला कुणी मॅडम म्हणतं, कुणी सिस्टर, एखादी आजी सरळ "माय" म्हणून हाक मारते, मी सगळ्याला ओ देते, पण कागदावर मी फिजिशियन असिस्टंट आहे, थोडक्यात पीए. पेशंटची माहिती घेणं, शरीर तपासणं, रिपोर्ट बघणं, डॉक्टरांना सगळं नीट मांडून सांगणं आणि त्यांनी ठरवलेलं काम वेळेवर होतंय का ते बघणं, याचं आम्हाला शिक्षण असतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काम करायचं, स्वतंत्र दवाखाना टाकायचा नाही.

हा पेशा अमेरिकेत सुरू झाला, 1965 साली ड्यूक विद्यापीठात, डॉ. यूजीन स्टेड यांनी नौदलात वैद्यकीय काम केलेल्या जवानांना घेऊन पहिली बॅच काढली. भारतात पहिला कोर्स 1992 ला चेन्नईत मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, ते हृदयाचे सर्जन, त्यामुळे आपल्याकडे पीए बरेचसे हृदयाच्या किंवा ऑपरेशनच्या विभागात दिसतात आणि मानसोपचारात फार कमी. 2021 च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्यात आमच्या पेशाची नोंद आहे, तिथे नाव फिजिशियन असोसिएट असं येतं. नावात काय आहे ते सोडा, तुमच्यासाठी महत्त्वाचं एवढंच की मी डॉक्टर नाही आणि कुणी पीए स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत असेल तर तिथल्या तिथे विचारा.

मग वॉर्डात दिवसभर तुमचं काम काय?

मानसोपचारतज्ज्ञ सकाळी राउंडला येतात, संध्याकाळी येतात, मधे ओपीडी असते, दुसऱ्या हॉस्पिटलचे कॉल असतात. आपल्या भागात मानसोपचारतज्ज्ञ कमीच, राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत, खानदेशात एकही नाही. म्हणजे दोन राउंडच्या मधल्या तासांत पेशंटकडे डॉक्टरांच्या नजरेने बघणारं कुणीतरी लागतं, ते माझं काम.

सकाळी आठला मी प्रत्येक खाटेपाशी जाते. झोप किती झाली, जेवण किती गेलं, संडास कधी झाली, हा शेवटचा प्रश्न ऐकून नातेवाईक नाराज होतात, पण क्लोझापिन नावाच्या औषधाने इतकी बद्धकोष्ठता होऊ शकते की आतडं बंद पडून जीवावर बेततं, म्हणून मी रोज विचारते, लाजत नाही. मग नाडी, बीपी, ताप, चालताना तोल जातो का, हात पुढे धरल्यावर थरथरतात का, मान किंवा जबडा ताठ वाटतो का. जीव नकोसा झालाय का, तसे विचार येतात का, हे पण सरळ शब्दात विचारते. विचारल्याने ते विचार डोक्यात घुसतात असं लोकांना वाटतं, तसं होत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला मोकळं वाटतं. हे सगळं लिहून राउंडला डॉक्टरांसमोर मांडायचं.

आजार डोक्याचा आहे, तर शरीर कशाला तपासता? नुसतं बिल वाढवायला का?

या प्रश्नाचं उत्तर मला लांबलचक द्यायचंय, कारण मी या वॉर्डात आले तीच यामुळे.

माझे मामा यावल तालुक्यातले, केळीवाले. त्यांना बायपोलर आजार होता, म्हणजे कधी मन फार उधाणायचं तर कधी एकदम उदास व्हायचं, आणि बरीच वर्षं लिथियम या मन स्थिर ठेवणाऱ्या औषधावर ते एकदम छान होते, शेती बघायचे, पोरींची लग्नं केली. एका मे महिन्यात गुडघे दुखायला लागले म्हणून मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज दोन घेतल्या, आणि त्या ऊनात बागेत पाणी भरायला जायचे, आपल्याकडचा मे तुम्हाला माहितीच आहे, भुसावळचं तापमान 45 च्या वर जातं तेव्हा सावलीत पण घाम निथळतो. आठ दिवसांनी मी घरी गेले तर मामांनी बशीत चहा ओतला आणि बशी तोंडापर्यंत जाईना, चहा हिंदकळून धोतरावर सांडत होता, जुलाब लागलेले, बोलणं जड झालेलं. ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे जुनी फाईल बघून सांगितलं की परत मानसिक झटका आलाय, झोपेचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस झोपवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्तातलं लिथियम तपासलं तेव्हा ते विषारी पातळीला गेलेलं होतं. साधारण 0.6 ते 1.0 च्या आसपास ठेवायचं असतं, 1.5 च्या वर धोका सुरू होतो. घामाने अंगातलं पाणी आणि मीठ गेलं आणि दुखण्याच्या गोळ्यांनी किडनीतून लिथियम बाहेर पडणं कमी झालं, दोन्ही एकत्र आलं. मामा वाचले, पण लिथियम बंद करावं लागलं आणि त्यांचं पहिल्यासारखं बस्तान परत बसायला दोन वर्षं गेली. मी तेव्हा पीएच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि ती बशी बघून मलाही ओळखता आलं नाही, ते अजून टोचतं.

माणसाला एकदा मनोरुग्ण म्हटलं की त्याचं पोट दुखणं, छातीत कळ येणं, चक्कर, काहीच कुणी खरं धरत नाही, सगळं आजाराच्या नावावर जातं. म्हणून शरीर तपासायचं. म्हातारी बाई दोन दिवसांत अचानक बरळायला लागली तर आधी सोडियम, साखर, लघवीचं इन्फेक्शन बघायचं, बीपीच्या गोळीने सोडियम उतरलेलं असतं आणि घरचे म्हणतात आईला वेड लागलं. थायरॉइड कमी असलं तरी माणूस सुस्त, उदास दिसतो. नंदुरबारकडच्या आदिवासी पोरांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार असतो, त्यात हाडं फार दुखतात, तसा मुलगा हातपाय दुखतात म्हणून ओरडत असेल तर ते नाटक नसतं. आणि ओलांझापिनसारख्या औषधाने वजन आणि साखर दोन्ही वाढतात, म्हणून सुरुवातीलाच वजन आणि कमरेचं माप घेऊन ठेवतो.

काही गोष्टी तर तासाभरात ओळखाव्या लागतात. इंजेक्शननंतर पेशंटची मान एकीकडे वळली, डोळे वर गेले, तर नातेवाईक घाबरून म्हणतात अंगात आलं. तो औषधाचा परिणाम असतो, उतारा इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात बहुतेक उतरतो. पण ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भान हरपणं हे तिन्ही एकत्र दिसलं तर ती इमर्जन्सी आहे, औषध थांबवून आयसीयूत हलवावं लागतं, तेव्हा मी कुणाची वाट बघत बसत नाही, डॉक्टरांना फोन लावते.

औषधं तुम्ही लिहिता का, डोस बदलता का?

नाही. अमेरिकेत पीए औषधं लिहून देतात, तिथला कायदा वेगळा. आपल्याकडे औषध ठरवणं आणि सही करणं डॉक्टरांचं. मी डॉक्टरांना सांगू शकते की या औषधाने पेशंटला फार गुंगी येतेय, या दोन गोळ्या एकत्र नकोत असं वाटतं, आणि ते ऐकतात, पण निर्णय त्यांचा. "मॅडम एक गोळी वाढवून द्या ना, डॉक्टरांना कशाला त्रास" असं कृपया म्हणू नका.

अ‍ॅडमिट करून घ्यायचं तुम्ही ठरवता का?

हे पण नाही, आणि हे कायद्यातच आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017, लागू झाला 29 मे 2018 ला. पेशंट स्वतः तयार असेल तर तो स्वतःच्या सहीने भरती होतो आणि जायचं म्हटलं तर जाऊ शकतो, फार तर धोका वाटला तर तपासणीसाठी डॉक्टर 24 तासांपर्यंत थांबवू शकतात. पेशंटला स्वतःला कळण्याच्या पलीकडे आजार गेला असेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाच्या, अर्जावरून भरती होते, त्यासाठी दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. या दोघांमध्ये पीए मोजला जात नाही. मी कितीही वेळ पेशंटपाशी बसले असले तरी माझी सही त्या कागदावर चालत नाही, आणि चालू पण नये, कारण माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायची ती सही आहे. अशी भरती जास्तीत जास्त 30 दिवसांची, पुढे ठेवायचं तर परत प्रक्रिया. भरतीची खबर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत द्यावी लागते, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत.

भाऊबंदकीतून, जमिनीच्या वादातून माणसाला वेडा ठरवायला आणतात असं पण बघितलंय. तेव्हा मी पेशंटशी एकटीने, नातेवाईकांना बाहेर बसवून बोलते, आणि तो जे सांगतो ते जसंच्या तसं लिहिते. त्याला हवा तो प्रतिनिधी तो लेखी नेमू शकतो, मोठा भाऊच पाहिजे असं काही नाही.

पेशंटला बांधून ठेवता का?

साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे, एकट्याला खोलीत कोंडणं पण बंद. तमिळनाडूत एरवाडीला 2001 साली 6 ऑगस्टला आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेली 28 माणसं गेली, पळता सुद्धा आलं नाही त्यांना. घरी गोठ्यात, खांबाला बांधून ठेवलेला माणूस आजही आमच्याकडे येतो, घोट्याला वण असतात, ते मी तपासणीत मोजून लिहिते.

वॉर्डात तो स्वतःला किंवा दुसऱ्याला लगेच इजा करेल अशी वेळ आली आणि दुसरा काही उपायच उरला नाही तरच, मानसोपचारतज्ज्ञांच्या आदेशाने, मऊ पट्ट्यांनी थोडा वेळ हातपाय धरून ठेवता येतात. शिक्षा म्हणून नाही, स्टाफ कमी आहे म्हणून नाही. प्रतिनिधीला 24 तासांत कळवावं लागतं. त्या वेळात माझं काम खाटेपाशी थांबायचं, पट्टी आणि मनगट यांच्यात बोट जातं का, बोटं गार पडलीत का, श्वास नीट आहे का, पाणी पाजलं का, लघवीला नेलं का. दहापैकी आठ वेळा तर आधीच शांतपणे बोलून, खोलीतली गर्दी बाहेर काढून, त्याला चहा देऊन भागतं. तिथे पाच नातेवाईक एकदम ओरडत असतात हाच खरा त्रास असतो.

शॉक देणार म्हणतात, भीती वाटते.

सिनेमात दाखवतात तसं नसतं. भूल दिल्याशिवाय आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देणं कायद्यानेच मना आहे. पेशंट झोपलेला असतो, भूलतज्ज्ञ हजर असतात. खाणं-पिणं सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या माणसाला या उपचाराने लवकर फरक पडतो. नंतर थोडे दिवस विसरायला होतं, तेही आधीच सांगतो.

यात पीएचं काम आदल्या दिवसापासून सुरू होतं, ईसीजी, रक्त, हलणारे दात, कवळी, उपाशी ठेवणं. आणि आपल्या भागात मी एक प्रश्न हमखास विचारते, मागच्या काही आठवड्यांत फवारणीचं औषध पोटात गेलं होतं का. इकडे कपाशीचा भाग, घरोघर फवारणीच्या बाटल्या, जीव द्यायला माणूस तेच उचलतो, आयसीयूतून वाचला की नंतर आमच्याकडे येतो. या विषाने रक्तातलं एक एन्झाइम दबलेलं असतं, आणि शॉकच्या वेळी स्नायू सैल करायला जे सक्सिनिलकोलिन देतात ते त्याच एन्झाइमने उतरतं. म्हणजे एरवी काही मिनिटांत परत येणारा श्वास बराच लांबू शकतो. भूलतज्ज्ञांना आधी कळलं तर ते एन्झाइम तपासतात, औषध बदलतात किंवा थांबतात. त्यामुळे बदनामी होईल म्हणून विष घेतल्याचं लपवू नका. आणि पोलिसांची भीती वाटत असेल तर मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 मध्ये म्हटलंय की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं.

दारू सोडवायला आणलं, पहिले दोन दिवस बरा होता, तिसऱ्या दिवशी भिंतीवर साप दिसायला लागले. औषध चुकलं का?

नाही, दारू तुटल्यावर होतं ते. फिट पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते आणि भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी पळते, मी दर काही तासांनी हे मोजून आकडा लिहिते आणि त्यावर डॉक्टर गोळीचा डोस ठरवतात. यात माणूस दगावू शकतो, म्हणून घरी कोंडून दारू सोडवायची नाही, मग ती देशी असो नाहीतर मोहाची. आणि आणायच्या आधी गावात ग्लुकोजची सलाईन लावली असेल तर सांगा, आधी थायमिन म्हणजे बी-वन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

आमची आजी फक्त अहिराणी बोलते, चालेल ना?

चालेल, उलट तिच्याच भाषेत बोलू द्या, तुम्ही मधे शुद्ध मराठी करून सांगू नका. एक बाई म्हणत होती, "डोकामा मुंग्या चालतस", सोबतच्या पोराने सांगितलं की आईला डोक्यात किडे दिसतात, आणि तो भास म्हणून लिहिला जाणार होता. मी परत विचारलं, तर तिला म्हणायचं होतं डोकं बधिर होतं, झिणझिण्या येतात. "मना जीव घाबरस" हे दहा बायका दहा अर्थाने म्हणतात, कुणाची ती उदासी असते, कुणाचा थायरॉइड, आणि एकीचा हार्टअटॅक निघाला. लेवा बोली मला येते, पावरी आणि भिली येत नाही, तेव्हा पाड्यावरून आलेल्या पेशंटसोबत भाषा जाणणारं एक माणूस थांबू द्या, शक्यतो घरचं भांडण ज्याच्याशी आहे ते नको.

आधी भगताकडे नेलं होतं, सांगायचं का?

सांगा, कुणी रागावणार नाही. मला फक्त एवढं कळायला हवं की पोटात काही पाजलं का, डाग दिलेत का, मारलं का, किती दिवस उपाशी ठेवलं. कानबाई या आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाला अंगात येतं तेवढ्यावरून कुणाला आजारी ठरवत नाही, ते पण सांगून ठेवते.

डबा आणला तर चालतो का? आणि बिडी?

भाकरी, भरीत, केळी सगळं चालतं, काचेची बरणी आणि सुरी नको. नाडीचा पायजमा, ओढणी, उपरणं, लांब चार्जर आम्ही काढून घेतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बाकी स्वतःचे कपडे घालायचा पेशंटला हक्क आहे.

बिडीचं मात्र खरं सांगा, रोज किती बंडल. बिडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापिन शरीरात लवकर जळतं. वॉर्डात बिडी बंद झाली की तोच डोस रक्तात जास्त चढतो आणि घरी जाऊन परत सुरू केली की उतरतो, मग घरचे म्हणतात औषध लागूच पडत नाही. तंबाखू मळून खाण्याने असं होत नाही, धुराचाच तो परिणाम.

माझ्या मुलीला पीए व्हायचंय, करू द्यावं का?

बारावी सायन्सला बायोलॉजी हवं, बहुतेक ठिकाणी तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. मानसोपचाराची इंटर्नशिप मिळत असेल तर मुद्दाम मागून घ्यायला सांगा. पगार सुरुवातीला फार नसतो आणि नाईट असतात. तिला माणसापाशी बसून ऐकून घ्यायची सवय असेल तर करू द्या.

घरी नेताना काय लक्षात ठेवायचं?

डिस्चार्ज झाल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक, आत्महत्येचा धोका तेव्हा जास्त असतो, म्हणून पहिली तपासणी आठवड्याच्या आत ठेवतो आणि त्याआधी मी स्वतः फोन करते. गोळ्या एकाच माणसाने सांभाळा. लिथियम असेल तर ऊनात कामाला पाठवू नका, पाणी आणि मीठ नेहमीसारखं चालू ठेवा, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नको, जुलाब-उलट्या झाल्या की त्याच दिवशी फोन.

आणि फवारणीचं औषध घरात ठेवू नका. खाटेखाली, माळ्यावर, गोठ्यात, कुठेच नको. मागच्या हंगामात अमळनेरकडच्या एका काकांना मी हेच सांगितलं तर ते म्हणाले शेत लांब आहे ताई, घरीच ठेवावं लागतं. मग आम्ही बसून ठरवलं की शेजारच्या चुलत भावाकडे लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवायचं, किल्ली त्या भावाच्या बायकोकडे, आणि फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच बाहेर काढायचं. मी ते डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या खाली लिहून दिलं. रात्री-बेरात्री पेशंटचं बोलणं बदललं आणि आमचा फोन लागला नाही तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात, आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा.